पांढरा बैल म्हणजे स्वातंत्र्य

बैल राजूरला गेला, सिनेमा डब्यात गेला आणि शामकांतराव अंथरुणावर गेले. पण यातलं काहीच घडलेलं नाही असं धरून चालू. शामकांतराव स्वतः तसंच धरून चालले आहेत, आणि ते आमचे दिग्दर्शक असल्यामुळे मला वेगळं काही धरता येत नाही.

तर घोडेगावचा जनावरांचा बाजार. दुसऱ्या लढाईचे दिवस, सरकार इंग्रजांचं. कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मिळे आणि आमच्याकडे शेवटच्या प्रसंगापुरतीच उरली होती. मी संवाद लिहायला होतो, म्हणजे बहुतेक रिकामाच. शामकांतरावांच्या सिनेमात माणसं कमी बोलत आणि जनावरं फार सुचवत. कावळा म्हणजे मरण, शेळी म्हणजे रयत, कोंबडी म्हणजे नायिकेचं मन. त्या मनाने एकदा चित्रीकरणातच अंडं घातलं, तेव्हा कथेत काय फरक पडतो यावर त्यांनी दुपार घालवली.

कंपनीने विकत घेतलेला पांढरा बैल म्हणजे मात्र स्वातंत्र्य.

"सेन्सॉरला वाटेल, बैल आहे," ते माझ्या कानात म्हणाले.

मलाही तसंच वाटत होतं, पण मी पगारी होतो.

प्रसंग असा. शेतकरी झालेला शरच्चंद्र रडत रडत बैल विकायला तयार होतो, मग पस्तावतो, विळ्याने दावं कापतो आणि स्वातंत्र्य मोकळ्या माळावर धावत सुटतं. दलाल मात्र खराच हवा, म्हणून शामकांतरावांनी बाजारातला चांदभाई धरला. चांदभाईने सकाळपासून तीनदा पावडर लावून घेतली होती.

"चांदभाई, रुमालाखाली हात घ्यायचा, नेहमी करता तसं करायचं," शामकांतराव म्हणाले. "अभिनय नको."

"आपल्याला येतच न्हाई साहेब."

घोडेगावात भाव तोंडाने होत नाही. रुमालाखाली बोटं दाबायची, समोरच्याने मान हलवली की सौदा पक्का. हे बाजारातल्या बैलांनाही माहीत आहे. शरच्चंद्रला माहीत नव्हतं, कारण तो नायक होता.

कॅमेरा सुरू झाला. चांदभाईने बोटं दाबली. शरच्चंद्रने डोळ्यांत पाणी आणून मान हलवली, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून पुन्हा हलवली. गर्दीतून राजूरचा सहादेव पुढे आला. चांदभाईच्या गिऱ्हाइकांतला हा, सकाळपासून बैल शोधत होता. त्याने नोटा पुढे केल्या. कंपनीच्याच खोट्या नोटा समजून शरच्चंद्रने त्या हुंदका देत कनवटीला लावल्या. मग त्याने दावं कापलं.

स्वातंत्र्य जागचं हललं नाही. रवंथ करत राहिलं. सहादेवाने खांद्यावरचं नवं दावं त्याच्या गळ्यात अडकवलं आणि त्याला घेऊन चालू लागला.

"वा," शामकांतराव पुटपुटले. "कोणी सुचवलं हे?" तेवढ्यात त्यांना नवं दावं दिसलं. तेवढ्यात फिल्म संपली.

"अहो, बैल कुठं नेताय?"

"राजूरला," सहादेव म्हणाला. "नांगराला. ह्या पावन्यानं दावं कापलं ते का, म्हाईत न्हाई. चांगलं हुतं."

"चांदभाई, तो सौदा खोटा होता."

"रुमालाखाली खोटं करत न्हाईत साहेब. आज शब्द फिरवला तर उद्या मला हात कोन देईल?"

"अहो, तो बैल नाही, स्वातंत्र्य आहे."

सहादेवाने बैलाचे दात पुन्हा पाहिले. "असंल. पर चार दाती हाय."

त्यानंतर शामकांतराव अंथरुणावर पडले, जे घडलेलंच नाही. आता ज्या सिनेमाच्या अखेरीस स्वातंत्र्य नव्या दाव्याने बांधून नांगराला नेलं जातं, तो कोणी घेईना. शरच्चंद्र म्हणतो, त्याचं रडणं उत्तम आलं आहे. सगळा सिनेमा एका बैलावर अडला, तेव्हा शामकांतरावांनी पडल्या पडल्या मला अर्ज सांगितला. मी शब्द न बदलता लिहून घेतला:

'मेहेरबान सरकारचे सेवेशी. अर्ज करण्यास कारण की, आमचे स्वातंत्र्य, रंग पांढरा, वय चार दाती, हे घोडेगावचे बाजारातून राजूर येथे गेले असून तेथे नांगरास जुंपलेले आहे. तरी सरकारने ते पोलिसांमार्फत ताब्यात घेऊन आम्हांस परत द्यावे, ते माळावर धावेल इतकी कच्ची फिल्म मंजूर करावी, आणि ते न धावल्यास मागून हाकण्यासाठी एक शिपाई द्यावा, ही विनंती.'