अडुळशाशेजारचं रोप

द्वारका चौकाच्या मागच्या वसाहतीत लताबाईच्या दारातली पानं ज्याच्या पोटात गेली नाहीत, असं घर सापडलं नसतं. डालड्याचे रिकामे डबे, दोन फुटके माठ आणि एक गळकं घमेलं एवढ्या संसारात तिनं पुदिना, गवती चहा, तुळस, ओव्याची जाड पानं लावली होती. कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात कमरेएवढा अडुळसा होता. कुणाला खोकला झाला, कुणाकडे पाहुणा आला, की हाक यायची, "लता, दोन पानं दे गं." तिचा नवरा निवृत्ती सरकारी कचेरीत कारकून होता. तो म्हणायचा, "दवाखान्यात नसेल एवढी गर्दी आपल्या दारात." लताबाईला ते ऐकायला आवडायचं.

१९७८ सालची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. नदीचं पाणी उतरल्यावर निवृत्तीनं काठचा गाळ दोन पोती भरून आणला आणि लताबाईनं तो सगळ्या डब्यांत थोडाथोडा घातला. महिन्याभरात अडुळशाच्या बुडाशी एक रोप वर आलं. रुंद पानं, जाडसर खोड. वांगं असेल, येऊ दे, असं म्हणून तिनं ते ठेवलं.

त्या सोमवारी सकाळी अकराला शेजारची कुसाबाई दारात आली. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. कुसाबाई दोन-तीन वर्षांनी मोठी. लताबाई तिला ताई म्हणायची. तिला आठवडाभर खोकला होता, बोलताना धाप लागत होती.

"लते, अडुळसा हवा होता काढ्याला."

लताबाई मशीनवर बसली होती. ब्लाउज दुपारपर्यंत द्यायचा होता. पायडलवरचा पाय न थांबवता ती म्हणाली, "तूच घे की तोडून, ताई. तुझंच झाड आहे."

कुसाबाईनं पानं तोडली आणि ती गेली.

दुपारी दीडच्या सुमाराला भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. लताबाई धावत गेली. कुसाबाई पलंगावर बसली होती. चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं तापलेलं. ती हवेतून काहीतरी चिमटीत धरून ओढत होती, जणू शिवणीचा दोरा उसवत होती. वारलेल्या आईला हाका मारत होती. लताबाईनं तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. डोळे नुसते काळे, बुबुळाचा तपकिरी रंग दिसेचना.

"ताई, मी लता. ओळखलंस का?"

कुसाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि घाबरून अंग चोरलं.

"बाहेरचं लागलंय हिला," तिची सासू नवसाबाई म्हणाली. "त्या पाथर्डीच्या बाबाला बोलवा कुणीतरी."

"ते सगळं सोडलंय आपण, आई!" कुसाबाईचा नवरा पुंजा ओरडला. त्याची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं टांगा आणला, बायकोला घोंगडीत गुंडाळून उचललं आणि आईलाही बरोबर घेऊन सरकारी दवाखान्याकडे निघाला.

रिकाम्या घरात लताबाई एकटी उभी राहिली. चुलीशेजारी काढ्याचं पातेलं होतं. तिनं त्यातला चोथा बोटांनी काढून फरशीवर पसरला. उकडलेली पानं एकेक करून उलगडली. अडुळशाचं पान लांबट, कडेनं सरळ. यांतली काही रुंद होती, कडेला दातेरी, आणि देठापाशी एक बाजू वर तर एक खाली. वासही वेगळाच, उग्र.

ती धावत आपल्या दारात आली. अडुळशाशेजारचं रोप जवळपास उघडं पडलं होतं. तोडलेले देठ तिनं मोजले. पाच.

विंचूरच्या माहेरी उकिरड्याकडेला असलीच झुडपं उगवायची. पांढरी फुलं, काटेरी बोंडं. शेळीसुद्धा तोंड लावायची नाही. धोतरा! फूल आलं नव्हतं म्हणून तिला ओळखू आला नाही, इतकंच.

तिनं रोप मुळासकट उपटलं. आणि मग ती हलेना. मागच्या भिंतीपलीकडे नाला होता. एकदा हात उंच केला असता की रोप गेलं असतं पाण्यात. कुणी पाहिलं नव्हतं. ताप मेंदूत गेला म्हणतील. कुसाबाई गेली तरी तसंच म्हणतील. हा विचार आपल्या डोक्यात आला कसा, याचीच तिला भीती वाटली. तिनं रोप पदरात धरलं, चोथा वाटीत भरला आणि ती अनवाणीच पळत सुटली. द्वारकेच्या चौकात ट्रकवाल्यानं शिवी हासडली, ती तिला ऐकूसुद्धा आली नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर पुंजाला सांगत होता, "मेंदूज्वर वाटतोय. पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल."

"डॉक्टरसाहेब, धोतरा गेलाय तिच्या पोटात." लताबाईनं रोप टेबलावर टाकलं. "काढ्यात पडला. पाच पानं. सकाळी अकरानंतर."

डॉक्टरनं रोप उचललं, कुसाबाईच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि सिस्टरला नळी आणायला पाठवलं. "पोट धुवायचंय. हात धरा तिचे."

पुंजा लताबाईकडे वळला. "तू काय पाजलंस तिला?"

"मी पाजलं नाही, दाजी. पण माझ्या दारातलं होतं. मी ओळखलं नाही."

त्यानं तिचा दंड धरून तिला वॉर्डाबाहेर ढकललं. नवसाबाई मागून काय बोलत होती, ते सगळ्या वऱ्हांड्यानं ऐकलं.

लताबाई पायऱ्यांवर बसली. आतून कुसाबाईचं किंचाळणं येत होतं. मग तेही थांबलं. संध्याकाळी निवृत्ती न्यायला आला. ती उठली नाही. सिस्टर येता-जाता दिसली की ती विचारायची, "ताई जिवंत आहे ना?" सिस्टर मान हलवायची, त्यातून हो की नाही ते कळायचं नाही. नाडी फार पळतेय, एवढंच एकदा कानावर आलं.

बुधवारी सकाळी पुंजा बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"ओळखलं तिनं मला," तो म्हणाला. "नाव घेतलं."

लताबाईनं पदर तोंडाशी धरला.

"तू जा आता घरी. तिच्यासमोर येऊ नकोस."

घरी येऊन तिनं सगळे डबे रिकामे केले. गाळ पाटीपाटीनं नेऊन टाकला. झाडं पुन्हा लावली, पण एका डब्यात एकच. आपलं आपण वापरताना प्रत्येक पान चुरगाळून हुंगायची, दोन्ही बाजूंनी बघायची, तरी काढा घशाखाली उतरेना. पानं मागायला कुणी आलं नाही. पुदिना वाढून वाढून डब्याबाहेर लोंबला.

थंडी पडल्यावर एका दुपारी कुसाबाई आली. खूप वाळली होती. उंबऱ्यातच बसली. लताबाईनं तिच्यासमोर साधा चहा ठेवला.

"माझ्या सासूला अजून वाटतं, तू मुद्दाम केलंस," कुसाबाई म्हणाली.

"आणि तुला?"

कुसाबाईनं चहा बशीत ओतला.

"त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही, लते," ती म्हणाली. "तुझ्याकडे आले होते, तेसुद्धा नाही. लोक सांगतात तेवढंच. मग काय वाटून घ्यायचं, तेच कळत नाही बघ."