कोरा तुकडा

सासूबाईंचा तुकडा पडद्यातून वगळणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

वाचनालयाच्या मोठ्या भिंतीसाठी आम्ही गल्लीतल्या बायका मिळून एक पडदा करत होतो. प्रत्येकीने आपल्याला जे येतं ते एका तुकड्यावर करायचं आणि शिवणक्लासच्या बाईंनी सगळे तुकडे जोडायचे. कुणी मासे भरले, कुणी खिडकी. माझ्या जावेने मांजर म्हणून जे काही भरलं होतं, ते बघून मांजरही बुचकळ्यात पडलं असतं. सासूबाईंनी दिला पांढरा तुकडा. कोरा करकरीत.

"काकू, यावर काहीच नाही," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटेल, भरायचा राहिला. नको लावूया."

"काहीच नाही कसं?" मी म्हटलं. "यांनी आधी त्याला भोकं पाडली आणि त्याच कापडाचे धागे काढून रफू केली. शोधा बरं."

बाईंनी बोटं फिरवली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एकही सापडेना.

"दिसलं तर ते रफू कसलं?" सासूबाई ताठ्यात म्हणाल्या, पण डोळे भरले होते. जन्मभर त्यांनी घरादाराचे कपडे असे सांधले की कुणी कधी शाबासकी दिली नाही, कारण कुणाला कळलंच नाही. माझ्या नवऱ्याला तर अजून वाटतं, त्याच्या पँटी फाटतच नाहीत. आता पहिल्यांदाच चारचौघांत काही मांडायचं, तर तेही बाद.

मी भांडायला कंबर कसली. "तू गप गं," म्हणून त्यांनी कात्री उचलली आणि तुकड्याला मधोमध चांगलं तळहाताएवढं भोक पाडलं. जाऊ "अहो आई" म्हणत उठलीच.

"बाई, लाल दोरा द्या," सासूबाई म्हणाल्या. "असेल तो सगळ्यात भडक."

पडदा लागला त्या दिवशी ते लाल रफू दारातूनच नजरेत भरत होतं. एका पाहुणीने विचारलं, "हे कुणाचं काम?" मी सासूबाईंकडे बघितलं. एरवी स्वयंपाकाचं वगैरे कौतुक झालं की सासूबाईंचं ठरलेलं असतं, "कुठे काय, असंच आपलं."

"माझं," त्या म्हणाल्या. मग पाहुणीचा हात धरून त्यांनी तो लाल रफूच्या शेजारी, पांढऱ्या कापडावर ठेवला.

"आणि इथं काही दिसत नाही ना? तेही माझंच."