बिघडलेल्या पिंपात पांढरा

दवाखान्याने भिंतींसाठी दादाच्या दुकानातून मागवलेला फिकट निळा रंग सकाळीच हाताबाहेर गेला. दादाने घाईत काळा जरा जास्तच ओतला आणि पिंपातला सगळा रंग गढूळ झाला. काळा एकदा मिसळला की पांढऱ्याने निघत नाही, हे रंगाच्या दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. पण दादाला कोण सांगणार? तो दुपारपर्यंत पांढरा ओतत राहिला आणि त्याची धाकटी बहीण ढवळत राहिली. रंग उजळायचं नाव घेईना, पिंप मात्र काठोकाठ भरलं. मग त्याने निम्मा रंग दुसऱ्या पिंपात काढला. आता बिघडलेली पिंपं दोन झाली.

धाकटीचं डोकं भणभणत होतं. एका मोठ्या कारखान्याने तिला रंग जुळवायच्या कामावर बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि दादाला सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"दादा, हे टाकून दे. पांढऱ्याचा एक डबा उरलाय, त्यात नव्याने करू."

"टाकून देऊ? याला इंग्रजीत काय म्हणतात माहितेय? थ्रोइंग गुड मनी आफ्टर बॅड." दादाला इंग्रजी वाक्यं फेकायची भारी हौस. ती कुठे जाऊन पडतात, हे तो कधी बघत नसे.

"टाकण्याला नाही म्हणत तसं. गेलेलं वाचवायला चांगलंही घालत राहायचं, त्याला म्हणतात. तू सकाळपासून करतोयस ना, त्याला."

"मला शिकवू नकोस," म्हणत त्याने शेवटचा डबाही ओतला. रंग होता तसाच राहिला.

मग मात्र तिने कारखान्याचं सांगून टाकलं. दादा मटकन स्टुलावर बसला.

"अगं, इतकी वर्षं घातलीस या दुकानात. धड पगारही घेतला नाहीस कधी. आता सोडलंस तर ती सगळी पाण्यात जातील. अजून एक वर्ष दे, मग बघ."

तुझ्यावाचून माझं अडेल, एवढं जरी तो म्हणाला असता तरी ती थांबली असती. पण त्याने दिलं ते पिंपाचंच कारण. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त चीड आली, कारण इतकी वर्षं ढवळणारे हात तिचेच होते. तिने ते धुतले, पुसले आणि त्याच्यासमोरच फोन लावला.

"हो," ती म्हणाली. "उद्यापासून येते."