वाचल्याशिवाय थाप नाही

मी डफ बोलतोय. मोठ्यानं बोलायची सवय आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या. सत्तेचाळीस साली फैजपूरच्या इसाकभाईंनी लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला मढवलं. "इसका आवाज नदीपार जाएगा," असं ते म्हणाले होते. गेलाही, खोटं कशाला सांगू!

मला नेलं सुपडूआबांनी. आबा केळीच्या बागेत राबायचे आणि गावच्या वहीच्या फडाचे म्होरके होते. वही म्हणजे आमच्याकडची गाण्यातली झुंज. एका फडानं गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्यानं डफावर थाप मारून गाण्यातच जवाब द्यायचा. आबांनी एकदा ऐकलं की ते कायमचं पाठ. शेकड्यानं गाणी तोंडात, आणि सही म्हणून अंगठा!

बावन्न साली रुपचंद गुरुजींनी शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग काढला. दिवसभर राबलेली माणसं दिवेलागणीला पाटी धरायला कशाला येतात? आठ दिवस गुरुजी कंदिलासमोर एकटेच बसले. मग आबांकडे आले. "आबा, डफ घेऊन या. धडे वहीच्या चालीवर गाऊ." झालं! तिसऱ्या दिवशी वीस माणसं. आबांची बायको धुरपदाबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आली. गाव माझ्यामुळे शिकतंय म्हणून मी फुगून गेलो होतो.

चार महिन्यांनी तपासणीला साहेब आले. वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे त्यांच्या हाती होतं. आबांनी पुस्तक उघडून तीन धडे असे खणखणीत म्हटले की साहेब मान डोलवायला लागले. पानंसुद्धा बरोबर जागी उलटली. तेवढ्यात साहेबांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

आबांनी पान मागं-पुढं उलटून बघितलं. शेवटी म्हणाले, "मधूनच कसं सांगू साहेब? पह्यलेपासून म्हनू द्या न."

साहेबांनी एकेकाला विचारलं. वीसच्या वीस तसेच निघाले. सगळ्यांनी पुस्तक वहीसारखं कानानं पाठ केलं होतं, अक्षराकडे कुणी बघितलंच नव्हतं. साहेब भले होते, दोन महिन्यांची मुदत देऊन गेले.

आबांना मात्र फार लागलं. "मले नही जमनार. माह्या कानात समदं जातं, डोयात काही उतरत नही." मला वर्गातच खिळ्याला अडकवून ते घरी जाऊन बसले. मलाही लाज वाटली. दोष माझाही होताच की.

वाट काढली धुरपदाबाईनं. ती गुरुजींना म्हणाली, "या डफावर रोज एक शब्द लिहा, पुस्तकात नसलेला. जो वाचीन त्यानंच वाजवाचं." मग घरी जाऊन आबांना म्हणाली, "समोरच्यानं सवाल टाकला, अन् तुमी घरात बसले?"

आबा आले. माझ्या पोटावर खडूनं 'विहीर' लिहिलं होतं. आबांना येईना, धुरपदाबाईनं अडखळत वाचलं आणि मला सणसणीत थाप मारली. आबांचं तोंड बघण्यासारखं झालं! दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी हजर. माझे मात्र हाल. रोज खडू, रोज ओला फडका; पुसलं की मी ढिला पडायचो, मग निखाऱ्यावर शेकायचे.

मुदत संपली, साहेब आले. पुस्तक त्यांनी मागितलंच नाही. मला घेतलं, खडूनं काहीतरी लिहिलं आणि आबांच्या हाती दिलं.

आबा बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नाही. गुरुजींनी मान खाली घातली. धुरपदाबाई पदर घट्ट धरून बसली होती. आणि आबांनी तोंडातून अक्षर न काढता मला कडाडून थाप मारली.

"आबा, आधी वाचा!" गुरुजी कळवळून ओरडले.

"वाचलंय त्यांनी," साहेब हसत म्हणाले. "मी 'वाजवा' असंच लिहिलं होतं."

धुरपदाबाई तिथंच रडायला लागली. इतका आनंद मला एकाही फडात झाला नाही.

आज साठ साल. खडू आणि पाणी सोसून सोसून माझं कातडं गेल्या शिमग्यात फाटलं. आबा मला हळदकुंकू लावून देवळीत ठेवा म्हणतात. माझं एवढंच सांगणं आहे, मला तिथं बसवू नका, इसाकभाईंकडे न्या आणि नवं कातडं चढवा. शेजारची भिकुबाई परवापासून वर्गाला यायला लागली आहे. तिला अजून एकही अक्षर येत नाही.