वेशीच्या आतलं घर

साठी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. आमच्या शंकररावांनी इटलीत घर घ्यायचं काढलं.

इथे न्यू यॉर्कजवळ, पिस्कॅटवेत आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी नागपूरला फ्लॅट घेऊन ठेवलेत. थंडीत तिकडे, उरलेलं वर्ष इकडे. चारचौघांसारखं आम्हीही तेच करणार होतो. पण २००३ साली शंकरराव रिटायर झाले, आमच्या लेकीनं, मैत्रीनं, आईबाबांना हौसेनं इटलीच्या टूरवर पाठवलं, आणि सगळं बिनसलं.

बस एका डोंगरावरच्या गावात थांबली होती. गावाभोवती दगडी तट, आत शिरायला एक मोठी वेस, आत अरुंद गल्ल्या आणि मधोमध चौक. चौकात दगडी कुंड, त्यात नळाचं पाणी सारखं पडत होतं. बाकीची मंडळी चर्च बघायला गेली. आमचे हे कुंडाजवळ बसले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"अहो, बसमध्ये बाटली आहे की," मी म्हटलं.

"हे पाणी चांगलं आहे."

मी पिऊन पाहिलं. पाण्यासारखं पाणी होतं. पण त्या दिवसापासून शंकररावांनी त्या गावाचा ध्यास घेतला. लायब्ररीतून इटालियन शिकायच्या सीडी आणल्या. सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःला 'बॉन्जोर्नो' म्हणायला लागले. मी खूप हसले, पण खरं सांगते, मलाही मजा वाटत होती. चाळीस वर्षं ऑफिस आणि घर एवढंच केलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होता.

वर्षभर न्यू यॉर्कच्या एजंटबाईंच्या ईमेल येत राहिल्या. शेवटी दोन घरं उरली. एक तटाच्या बाहेर, वेशीच्या खालच्या अंगाला. सपाट जागा, दारापर्यंत गाडी, पुढे अंगण आणि ऑलिव्हची तीन झाडं. दुसरं वेशीच्या आत, चौकाला लागून. तिथे पोचायला अठ्ठावन्न दगडी पायऱ्या, आणि झाड लावायला टीचभर जागा नाही.

माझे दोन्ही गुडघे झिजलेले. त्यात मी नागपूरला अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये डालड्याच्या डब्यात मिरच्या लावून वाढलेली. आयुष्यभर मला अंगण हवं होतं. इथे पिस्कॅटवेत अंगण मिळालं, तर लावीन ते हरणं खाऊन जातात. तेव्हा यात विचार करण्यासारखं काय होतं? मी एजंटबाईंना लिहून टाकलं, बाहेरचं घर फायनल. शंकरराव मागेच उभे होते.

"तुला आवडलं ना? झालं तर मग," ते म्हणाले.

त्यानंतर आठ दिवस ते बोलले नाहीत. म्हणजे हो, नाही, वाढ, पुरे, एवढंच. वरणात मीठ कमी पडलं तरी गप्प. सीडी बंद. आरशातलं बॉन्जोर्नो बंद. मी विचारलं, "तोंड पाडून का बसलाय?" तर म्हणे, काही नाही. मला राग आला. हो म्हणायचं आणि वर फुगून बसायचं, ही कुठली रीत?

रविवारी मैत्री आली. तिनं गावाचा नकाशा प्रिंट करून आणला होता. तो टेबलावर पसरून ती बाबांना दाखवायला लागली.

"सो, धिस इज द वॉल. आणि तुमचं घर इथे, आउटसाइड. परफेक्ट आहे बाबा! पार्किंगचं टेन्शनच नाही."

शंकरराव उठले आणि गॅरेजमध्ये निघून गेले. गॅरेजमध्ये त्यांचं काही काम नसतं. पाठमोरे जाताना मी त्यांना पाहिलं आणि मला एकदम माझं सासर आठवलं.

लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. हे नोकरीवर परतले होते, आणि सासूबाईंबरोबर मी अमरावतीकडचं त्यांचं गाव पहिल्यांदाच बघत होते. एस.टी. गावाच्या अलीकडे थांबली. आमची वस्ती गावाच्या पलीकडे, गावकुसाबाहेर. सरळ गावातून गेलं तर दहा मिनिटांची वाट. पण सासूबाई माझी पेटी डोक्यावर घेऊन नाल्याकडे वळल्या. डोक्यावर ऊन, नव्या चपला, पायात काटे.

"आई, मधूनच जाऊ ना," मी म्हटलं.

"तिकून आपली वाट नाही बाई. इकून ये."

साल १९६८. मुलगा इंजिनिअर, धम्म घेऊन बारा वर्षं झालेली, कायद्यानं कुणी अडवू शकत नव्हतं. तरी त्या माउलीचे पाय आपोआप वळले. मी शहरातली, शिकलेली. तोंड मिटून त्यांच्या मागून चालत गेले.

गॅरेजमध्ये शंकरराव गवत कापायच्या मशीनजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"सांगता येत नव्हतं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तिथे बाहेर म्हणजे नुसतं बाहेर, कमल. लोक हौसेनं राहतात. मला सगळं कळतं." ते थांबले. "पण तो नकाशा पाहिला की आई दिसते. तुझे गुडघे असे, तुला अंगण हवं. मी काय म्हणून सांगू? म्हातारपणी हे लहान मुलासारखं वाटतं."

मला भडभडून आलं. छत्तीस वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते, ते बोलले.

"त्या दिवशी मी आईंचा हात धरून त्यांना गावातून न्यायला हवं होतं. मी एकदा म्हटलं आणि गप्प बसले. मला भीती वाटली हो. नवी नवरी म्हणून नाही. तशीच भीती वाटली."

"मलाही वाटली असती," ते म्हणाले. "मी नोकरीला लागल्यावरसुद्धा नाल्यावरूनच घरी जायचो."

मैत्री दार उघडून म्हणाली, "आर यू गाइज ओके?" तिला काय आणि कुठून सांगायचं, मला कळेना. पण त्या संध्याकाळी शंकररावांनी तिला सगळं सांगितलं, नाल्यासकट. ती नकाशाची घडी घालत, उघडत ऐकत राहिली.

सोमवारी मी एजंटबाईंना फोन लावला. म्हटलं, बाहेरचं कॅन्सल करा, आम्हाला आतलं घर हवंय.

बाईंना धक्काच बसला. "तुमच्या वयाची माणसं बाहेरचं मागतात. त्या पायऱ्या, वर बाग नाही. आतलंच का?"

शंकरराव समोर उभे होते. मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंसाठी."

"अच्छा, त्याही राहणार?" त्या काळजीनं म्हणाल्या. "मग तर नीट विचार करा. एवढं चढणं त्यांना झेपेल?"

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. पण नाही म्हणायला माझी जीभ वळेना.

"झेपेल," मी म्हटलं. "त्यांना चालायची फार सवय आहे."

शंकररावांनी माझ्या हातातून फोन घेतला, पुढचं त्यांना बोलायचं होतं. बाई पलीकडून हॅलो, हॅलो करत राहिल्या.