कार्डावरच्या दोन अनुराधा

मी जन्मले त्या सुमारास पुण्यात बहुधा अनुराधांची साथच आली असावी. शाळेत आमच्या एका वर्गात चार होतो. बाईंनी "अनुराधा" म्हटलं की चौघी उभ्या राहायच्या आणि बोलणी नेमकी मला बसायची. बाबांना मात्र नावाचा कोण अभिमान! "अगं, विशाखा नक्षत्राला पूर्वी राधा म्हणत. तिच्या मागून येते ती अनुराधा. देवता कोण, तर मित्र." मला त्यातलं 'मागून येते' तेवढंच लक्षात राहिलं. पुढे बारशांना अनुराधा ऐकू येईनाशी झाली. माझ्या लेकीचं नाव मी वेगळं म्हणून ओवी ठेवलं, तर तिच्या वयाच्या आता ढिगाने ओव्या आहेत.

विनयच्या नोकरीमुळे आम्ही तोक्योत, हिगाशी-कसाईला आलो तेव्हा वाटलं, सुटले. मलाही तोयोसूला नोकरी मिळाली. आमचं आडनाव लांबलचक, त्यामुळे ऑफिसात, शाळेत, सगळीकडे मी नुसती अनुराधा-सान. हे सुख सहा महिने टिकलं. मग आमच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर नाशिकची एक अनुराधा राहायला आली. तिचा पियुष ओवीच्याच वर्गात.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोकांनी 'मोठी अनुराधा', 'धाकटी अनुराधा' सुरू केलं आणि माझं डोकं फिरलं. मोठी म्हणजे काय, जाडी? सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "हे बघ, मी आधी आले. तू आपली अनु."

"चालेल की, ताई," ती हसून म्हणाली. पण त्यानंतर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायला लागली.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर शाळेने नियम कडक केला होता. धक्का बसला की मूल एकटं सोडायचं नाही. घरच्यांनी यायचं, वहीत सही करायची, मग मूल न्यायचं. कोण नेणार त्यांची नावं आधीच एका कार्डावर द्यायची. पहिल्या रकान्यात मी माझं लिहिलं, दुसऱ्यात विनयचं. तिसरा शेजाऱ्यांसाठी होता. "जवळ राहणारं कुणी आहे का?" असं सेन्सेईंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, विचारलं, तर मी सरळ नाही म्हटलं.

कार्ड भरल्यावर दोन वर्षांनी, मे महिन्यात, भर दुपारी ऑफिस हललं. धक्का फार मोठा नव्हता, पण गाड्या बंद पडल्या. विनय कामासाठी ओसाकाला, फोन कुणालाच लागेना. मी चालत निघाले. दोन तासांची वाट. अराकावा नदीच्या पुलावर वारा नुसता ढकलत होता आणि माझ्या डोक्यात एकच, सगळी मुलं गेली असतील आणि माझी ओवी एकटी मागे उरली असेल.

शाळेत पोहोचले तर वर्ग रिकामा. एप्रिलपासून आलेल्या नव्या सेन्सेई म्हणाल्या, "ओवी-चानला अनुराधा-सान केव्हाच घेऊन गेल्या."

"मीच अनुराधा!" मी ओरडलेच.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी वही उघडली. ओवीच्या नावापुढे सही होती: अनुराधा. अक्षर माझं नव्हतं.

पाचव्या मजल्यावरची? पण ती कशाला नेईल माझ्या मुलीला? मी तिच्याशी धड वागले तरी होते का? देवा, तीच असू दे, असं म्हणत मी धावत सुटले. लिफ्ट बंद. पाच जिने चढून बेल दाबली.

दार तिनेच उघडलं. मागे ओवी पियुषबरोबर वरणभात जेवत होती. डोक्यावर शाळेतली कापूस भरलेली भूकंपाची टोपी अजून तशीच. "मामा, ओसोइ!" इथली मुलं आईला 'मामा' म्हणतात; उशीर केला म्हणून तिने मला जपानीत दटावलं. माझ्या जिवात जीव आला. मी तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले.

"ताई, माफ करा," ती म्हणाली. "पियुषला आणायला गेले तर ही कोपऱ्यात एकटी बसलेली. मी नाव सांगितलं, त्यांनी घाईघाईत कार्ड बघितलं आणि हिला सोडलं. त्यांची गडबड होतेय हे कळलं मला, पण मी गप्प बसले. तुम्हाला किती फोन लावले!" मग थोडं थांबून म्हणाली, "अनु सांगितलं असतं तर सोडली नसती हिला."

मला माझीच लाज वाटली. "अनुराधा, मलाही वाढ गं थोडं," एवढंच मला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई वाकून वाकून माफी मागत होत्या. मी त्यांच्याकडून कार्ड घेतलं आणि तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं आणि संकोचत विचारलं, "चुकून पुन्हा तुमचंच नाव लिहिलंत का?"

"नाही," मी म्हटलं. नात्याची जागा रिकामी होती. तिथे लिहिलं, धाकटी बहीण. म्हणजे मोठी मीच.