चिखल्याची शीळ

"काका, हे पक्षी आहेत की चिखलात सांडलेले खडे?" पहिल्यांदाच दुर्बीण हाती घेतलेल्या शिक्षकाने विचारले आणि समुद्रकाठी पक्षी पाहायला आलेले सगळे हसले.

वाटाड्या हसला नाही. मागे अभयारण्याच्या मॅडम उभ्या होत्या. त्याला कामावर कायम ठेवायचे की नाही, हे त्या आजची फेरी पाहून ठरवणार होत्या. साठी ओलांडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभे करणार?

"चिखल्या पक्षी आहेत. शरदात लांबून येतात. थकलेले असतात, जवळ येत नाहीत."

"मग आम्ही कशाला आलो एवढ्या लवकर?" कुणीतरी पुटपुटले. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिले.

त्याने ते पाहिले. आणि कसे कोण जाणे, ओठ आपोआप मुडपले गेले. दोन लांब, एक तुटकी शीळ. तीस वर्षांत त्याने ती घातली नव्हती.

समुद्राकडचा थवा चिखलातून उठून वळला. सात पक्षी तरंगत आले आणि दहा पावलांवर उतरले.

"अरे बापरे! काका, जादूगार आहात तुम्ही!"

फक्त एक म्हातारी गप्प होती. वसतिगृहात स्वयंपाक करून थकलेली, नातीने बळेच आणलेली. ती सरकत त्याच्याजवळ आली.

"माझा बाप अशीच घालायचा," ती हळूच म्हणाली. "जाळं लावून झालं की."

त्याने झटकन मॅडमकडे पाहिले. पिसांखालची ती धडधड हातांना आठवली.

"मावशी, कुणाला बोलू नका. पाया पडतो."

"मी कशाला बोलू? मीही खाल्लेत. पण बघ बाबा, अजून शोधतायत."

खरेच, पक्षी माना उंचावून हाक मारणाऱ्याला शोधत होते.

"काका, आणखी एकदा!" मॅडम खुशीत म्हणाल्या. "दर रविवारी हेच ठेवू. तुमचं कायम झालं समजा."

ओठांवर जीभ फिरवून त्याने जोरात टाळी वाजवली. थवा भर्रकन उडाला.

"अहो, हे काय केलंत?"

"मॅडम, ती पक्ष्यांना जाळ्यात ओढायची शीळ आहे." तो म्हणाला. "मी पकडायचो यांना."

मॅडमची वही मिटली. पक्षी दूर पाण्याच्या कडेला उतरून पुन्हा खडे झाले.

म्हातारीने आपली दुर्बीण त्याच्यापुढे धरली. त्याने ती डोळ्यांना लावली. एवढ्या लांबून मोजायला वेळ लागला. सातच्या सात होते.